सुकाळातील शिदोरी

अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनातील दूरवरच्या आदिवासी वस्त्यांना नदी हाच रस्ता. मीठ, औषध, शिक्षक, धर्मगुरू, सारे होडीनेच येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्राझीलमधील मनाऊस येथे निग्रो नदीची पातळी १२.७० मीटरपर्यंत उतरली. १९०२ पासूनच्या नोंदींतील तो नीचांक होता; पुढच्याच वर्षी तोही मोडला. उपनद्या आटल्या, होड्या गाळात रुतल्या आणि एवढ्या विशाल नदीच्या खोऱ्यात माणसे पिण्याच्या पाण्याला मोताद झाली.

संकट कोसळल्यावर आपली दानपेटी भरते. पण रस्ताच आटल्यावर ते दान पोहोचायचे कसे? खरे साहाय्य नदी दुथडी वाहत असतानाच निघायला हवे: धान्य, औषधे, पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या. कोणत्या वस्तीची वाट आधी तुटते, हे तेथील वडीलधाऱ्यांना विचारूनच ठरवावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही ‘प्रिय अ‍ॅमेझॉन’ या २०२० च्या पत्रात, ज्यांच्याकडून सर्वाधिक शिकायचे ते आदिवासीच, असे म्हटले आहे.

योसेफाने मिसर देशात धान्य साठवले ते सुकाळाच्या सात वर्षांत. ती कोठारे पाहून तेव्हा कोणाचे डोळे पाणावले नसतील. दुष्काळात मात्र त्यांनीच माणसे जगवली. आपल्या परोपकारालाही ही दूरदृष्टी लाभावी, हीच प्रार्थना.