गाडीत जागं कोण?

तीन दिवस गाडी जागची हलली नाही की चौथ्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक टक' व्हायचं. मग सुपारी हनुमान मंदिराकडून येणारी ओळखीची पोरं धक्का मारायची आणि गुलमंडीच्या बाजारातल्या गर्दीतून वाट काढत गाडी कशीबशी सुरू व्हायची. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या दादांना 'जरा हात लावा रे' म्हणताना फार जड जायचं. नवी बॅटरी टाकली. तीही पंधरवड्यात उतरली.

शेवटी ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. बॉनेट उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, "रात्री गाडीत जागं कोण राहतं?"

दुकानांची शटर्स पडल्यावर काका कामाला लागले. बॅटरी भरून ठेवलीच होती. गाडी बंद असताना मीटरवर 12.6 व्होल्ट, सुरू केल्यावर 14.2. म्हणजे बॅटरी धडधाकट होती आणि अल्टरनेटर तिला नीट भरत होता. गाडी बंद करून काकांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि मधे मीटर जोडला. "आता अर्धा तास बसा. चावी काढली म्हणून गाडी लगेच झोपत नाही."

आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो. आकडा उतरत उतरत 0.42 अँपिअरवर येऊन थांबला. तो 0.05 च्या आत हवा होता. दिसायला क्षुल्लक, पण चोवीस तासांत दहा अँपिअर-तास जातात आणि आमची बॅटरी पस्तीसची. चौथ्या दिवशी ती रिकामी का सापडायची, याचा हिशेब लागला.

मग एकेक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत बसवायचा. हे काम बघताना मला मलिक अंबरने बांधलेल्या नहरी आठवत राहिल्या. आमच्या शहराचं पाणी त्यांतून शतकानुशतकं जमिनीखालून वाहिलं. तिथेही गळती नेमकी कुठे आहे, हे वरून कसं कळणार? माणसाला तुकड्यातुकड्यानेच शोधत जावं लागलं असेल.

आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला आणि आकडा धपकन खाली आला. पण दिवे तर सगळे विझलेले! काकांनी फ्यूज परत बसवला, माझ्या मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिक्कीत ठेवला आणि झाकण लावलं. मिनिटभराने बाहेर काढून पाहिलं, तर बंद डिक्कीत पिवळा दिवा जळतोय, खाली स्टेपनी आणि दादांची हरवलेली छत्री. कडीतला स्विच धुळीने अडकला होता. पाच वॅटचा दिवा रात्रंदिवस कुणालाही न दिसता जळत होता.

स्विच साफ झाला. पुन्हा अर्धा तास वाट पाहिली. मीटरवर 0.03. छत्री मांडीवर घेऊन बसलेले दादा पुढे वाकले. "हे एवढं कोण खातंय?"

"घड्याळ," काका म्हणाले. "त्याला जागू द्या."