कुत्रं आडवं आलं नव्हतं

मागच्या दिवाळीत माझा मावसभाऊ आमच्याकडे बालाघाटला आला होता. नीटची तयारी करतोय, दुसरा प्रयत्न आहे. भाऊबीजेची जेवणं झाली, मोठी माणसं आडवी झाली आणि हा हळूच माझ्या खोलीत आला.

"दादा, तुझ्याकडे ती झोप न येऊ देणारी गोळी आहे न? चार-पाच दे ना. परीक्षेपुरत्याच."

मी नाही म्हटलं. दादा उगाच भाव खातोय असं त्याला वाटलं असणार, कारण संध्याकाळपर्यंत तो माझ्याशी धड बोलला नाही. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. ती गोळी माझ्याकडे कशी आली हे सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती, आणि त्यातला एक भाग आमच्या घरात कधी मोठ्याने बोललाच गेला नव्हता. बाबांना विचारून आज तो इथे लिहितोय. त्याच्यासाठी, आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांसाठी.

मला दिवसा झोप यायला लागली ती साधारण आठवी-नववीपासून. वर्गात, शिकवणीत, सत्यनारायणाच्या कथेत, एकदा तर गणपतीच्या आरतीत उभ्या-उभ्या टाळ हातात असताना. रात्री नऊ तास झोपलो तरी सकाळी अकराला डोळ्यांवर कोणीतरी ओलं कांबळं टाकल्यासारखं व्हायचं. बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते, तिन्ही पाळ्या केलेला माणूस. रात्रपाळी करून आले तरी दुपारी बाजार करून यायचे. त्यांना माझी झोप म्हणजे निव्वळ आळस वाटायचा. "तरणाताठा पोरगा अन् दिवसा झोपून राहिला," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ऐकू यायचं. मंडळाच्या गणेशोत्सवात एका वर्षी मुलांचं नाटक बसवलं, तेव्हा कुंभकर्णाचं काम कोणाला द्यायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही.

आणखी दोन गोष्टी होत्या, पण त्यांचा झोपेशी संबंध असेल हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. एक म्हणजे, खूप हसू आलं की माझे गुडघे सुटायचे. पत्ते खेळताना मामांनी विनोद केला की मी खाली बसकण मारायचो, जबडा लोंबायचा, हातातले पत्ते गळून पडायचे. शुद्ध पूर्ण असायची, अर्ध्या मिनिटात सगळं ठीक. लोकांना ती माझी हसण्याची पद्धत वाटायची. दुसरं म्हणजे, पहाटे जाग यायची पण बोटसुद्धा हलवता यायचं नाही, आणि छातीवर कोणीतरी बसलंय असं स्पष्ट जाणवायचं. आजीने त्यावर उशीखाली अडकित्ता ठेवायचा उपाय केला. बीई करायला नागपूरला हॉस्टेलवर गेलो तेव्हा बॅगेत तो अडकित्ताही होता.

पास होत गेलो, नोकरीही लागली. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या मागे उभा राहायचो, कारण बसलो की संपलं. एकदा दुपारी लिहिलेला कोड संध्याकाळी उघडून पाहिला, तर एका फंक्शनच्या मधोमध मी मावशीचं नाव आणि "पोहे भिजव" असं टाइप केलं होतं. हात चालू होते, मी झोपलेलो होतो. सहकारी हसले, मीही हसलो, आणि टेबलाला धरून उभा राहिलो. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, टॉनिकं झाली. मोबाइल कमी बघा, लवकर झोपा, असा सल्ला प्रत्येकाने दिला. सहावा चहा घेताना मलाही वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

मी सव्वीस वर्षांचा असताना, जुलै महिन्यात, बाबांना मागे बसवून मोटरसायकलने गोंदियाहून बालाघाटला येत होतो. दुपारचे साडेतीन-चार वाजले असतील. दोन्ही बाजूंना धानाची रोवणी चालू होती. राजेगाव मागे पडलेलं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते थेट चिखल. गाडी रस्ता सोडून बांधीत गेली होती. मला फक्त खरचटलं. बाबांचं डाव्या मनगटाचं हाड मोडलं आणि खांदा निखळला.

रोवणी करणारी माणसं धावत आली. "काय झालं काका?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

तेच त्यांनी दवाखान्यात सांगितलं, आईला सांगितलं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. ते मागे बसून माझी मान खाली जाताना बघत होते, माझ्या खांद्यावर थापा मारत होते, हे त्यांनी मला पंधरा दिवसांनी सांगितलं, तेही दोघंच घरी असताना. आणि म्हणाले, "हा आळस नाही. आळशी माणूस गाडी चालवताना झोपत नाही. आपण नागपूरला दाखवू."

नागपूरच्या मेंदूरोगतज्ज्ञांनी आधी एक कागद भरायला दिला. त्याला एपवर्थ स्केल म्हणतात. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधले डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. आठ साधे प्रसंग असतात: बसून वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी जेवणानंतर शांत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, ० ते ३. बेरीज १० च्या वर गेली तर ती झोप जास्त समजायची. माझी १९ आली. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "हसताना पाय गळतात का? जाग आल्यावर शरीर हलत नाही असं होतं?"

मी बाबांकडे बघितलं. हे दोन्ही मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर एक रात्र आणि एक पूर्ण दिवस तपासणी झाली. रात्री डोक्याला, छातीला, पायांना तारा लावून झोपायचं, म्हणजे घोरण्यात श्वास अडकतो का वगैरे कळतं. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पाच वेळा अंधाऱ्या खोलीत आडवं करतात आणि किती मिनिटांत झोप लागते ते मोजतात. सरासरी ८ मिनिटं किंवा त्याहून कमी आली तर डॉक्टर गंभीरपणे बघतात. माझी ३ च्या आत होती. शिवाय स्वप्नांची झोप माणसाला एरवी साधारण दीड तासाने लागते. मला पाचपैकी चार वेळा ती झोपताक्षणीच लागली.

आजाराचं नाव नार्कोलेप्सी. हे नाव १८८० मध्ये जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दिलं. कारण मात्र फार उशिरा कळलं. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, ओरेक्सिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या हजारो पेशी असतात. माणसाला सलग जागं ठेवणं हे त्यांचं मुख्य काम. हे रसायन १९९८ मध्ये सापडलं आणि २००० मध्ये कळलं की माझ्यासारख्या रुग्णांमध्ये यातल्या बहुतेक पेशी नष्ट झालेल्या असतात. बहुधा शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच त्या मारते. स्वप्नांच्या झोपेत आपले स्नायू ढिले असतात, म्हणजे स्वप्नात पळताना आपण खरंच पळत सुटू नये. माझ्याकडे जागेपण आणि ती झोप यांच्यातली भिंत पातळ झालेली आहे. म्हणून हसताना गुडघे सुटतात, म्हणून पहाटे छातीवर भूत बसतं. अडकित्त्याचा दोष नव्हता.

डॉक्टरांनी मोडाफिनिल सुरू केलं. हे औषध मूळ फ्रान्समध्ये तयार झालं, अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. सकाळी उठल्यावर घ्यायचं, कारण त्याचा असर लांबतो. दुपारनंतर घेतलं तर रात्रीची झोप उडते. पहिल्या दिवशीचं मी विसरणार नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, कांबळं आलंच नाही. काहीही विशेष वाटत नव्हतं, डोकं जोरात चालत नव्हतं, उत्साह वगैरे नव्हता. फक्त खिडकीबाहेरचा आवाज सलग ऐकू येत होता. इतर लोक रोज असेच असतात, हे मला तेव्हा कळलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

पण त्याची दुसरी बाजूही लिहितो. सुरुवातीला डोकं दुखायचं, भूक कमी झाली, काही दिवस छातीत धडधड व्हायची, ती मात्रा बदलल्यावर गेली. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच या, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ते पुरळ क्वचित येतं, पण जिवावर बेतू शकतं. कुटुंबनियोजनाच्या हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम या औषधाने कमी होतो, हेही मुलींना माहीत असायला हवं. हसताना गळणाऱ्या गुडघ्यांवर ही गोळी काही करत नाही, त्याला वेगळं औषध आहे. आजार बरा होत नाहीच. आमच्याकडचं उदाहरण द्यायचं तर ती इन्व्हर्टरसारखी आहे. लाइट गेली की दिवे चालू ठेवते, पण वीज बनवत नाही. रात्री चार्जिंग झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरही मान टाकतो. म्हणून माझी रात्रीची वेळ ठरलेली आहे, आणि दुपारी वीस मिनिटं झोपणं हा औषधाचाच भाग आहे.

लग्नाच्या वेळी खरी परीक्षा झाली. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं होतं, गोळीने सगळं ठीक आहे, मग सांगायचं कशाला? बाबा काहीच बोलत नव्हते. मी सांगायचं ठरवलं आणि पहिल्या घरून नकार आला. दुसऱ्या वेळी मुलीला एकटीलाच सगळं सांगितलं, बांधीतल्या चिखलासकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मुलांना होतो का?" मी डॉक्टरांना विचारून सांगतो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता १०० मध्ये १-२, म्हणजे कमीच. ते तिला कळवलं. चार दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी आला. आमच्या लग्नाला आता पाच वर्षं झाली. लांबचा प्रवास असला की गाडी ती चालवते, आणि बाबा पुढच्या सीटवर बसतात.

आता मावसभावासाठी.

तू रात्री दोनला झोपतोस, सहाला उठतोस आणि दुपारी पेंगतोस. तुझं शरीर बरोबर काम करतंय, ते चार तासांची उधारी परत मागतंय. तुझ्या वयाला ७ ते ९ तास सांगितलेले आहेत, आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं तेही झोपेतच. माझ्या गोळीने तू जागा राहशील, पण वाचलेलं पक्कं व्हायची वेळच हातची जाईल. पॅरिसमध्ये २००३ च्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत अमेरिकेची केली व्हाइट १०० आणि २०० मीटर दोन्ही शर्यती जिंकली. तिच्या तपासणीत हेच औषध सापडलं. आधी तिने नार्कोलेप्सीचं कारण दिलं, पुढच्या वर्षी बंदी असलेली औषधं घेतल्याचं कबूल केलं. दोन्ही पदकं गेली. त्या बातमीत माझ्या आजाराचं नाव सबब म्हणून आलं, याचं मला आजही वाईट वाटतं. माझी मात्रा किती ते मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ती माझं हृदय, माझा रक्तदाब, माझ्या तपासण्या बघून ठरली आहे.

आणि पूर्ण झोप घेऊनही दोन-तीन महिने असंच पेंगायला होत असेल, तर माझ्याकडे नको, डॉक्टरांकडे चल. मी स्वतः येईन. आपल्या मामांनाही माझी गोळी हवी होती. तपासल्यावर निघालं की घोरताना त्यांचा श्वास अडकतो. आता रात्री मशीन लावून झोपतात आणि दिवसा पत्त्यांत पुन्हा लबाडी करतात.

तुमच्याही घरात एखादा कुंभकर्ण असेल. त्याला नाव ठेवण्याआधी एकदा विचारून बघा, रात्री किती झोपतोस, घोरतोस का, हसताना गुडघे सुटतात का. मला हे विचारायला बारा वर्षं लागली, आणि बाबांचं मनगट अजून पावसाळ्यात दुखतं.

परवा दुपारी कोणीतरी घरी आलं. मी आतल्या खोलीत चटईवर होतो, अर्धवट जागा. आईला बाहेर बोलताना ऐकलं, "थांबा वीस मिनिटं. त्याची औषधाची वेळ आहे, झोपलाय तो."