चालू खात्याची माती

घणसोली गावात राहणाऱ्या माणसाने मातीविषयी लिहू नये, असा अलिखित नियम असावा. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे भातखाचरे नकाशात गेली, आणि आता माती आमच्या घरात येते ती फक्त चपलेला लागून. तरी लिहितो. कारण आमचे सासरे, म्हणजे मामा, माण तालुक्यात दोन एकर डाळिंब करतात आणि बी. कॉम. झालेल्या जावयाला सगळे हिशेब कळतात असा त्यांचा गोड समज आहे.

त्यांची जमीन वाळूमिश्रित पोयट्याची. ओल्या मातीचा लाडू वळतो, पण चिमटीत दाबून पट्टी काढू गेलो की तुटते. निम्म्याहून अधिक वाळूच! बँकेच्या भाषेत हे चालू खाते. पाणी जमा होते आणि शिल्लक दिसायच्या आत खाली उतरते. जाताना युरियाही घेऊन जाते. आमच्या घणसोलीच्या खारजमिनीत भरतीचे पाणी बाहेर राहावे म्हणून बांध घालत. माणमध्ये जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस आत राहावा म्हणून घालतात.

उपाय मामांना तोंडपाठ आहेत. पाणी थोडे पण वारंवार, ठिबकने. युरिया हप्त्याहप्त्याने (हप्ता म्हटले की मी खुलतो). शेणखत मात्र दरवर्षी, कारण तिथल्या उन्हात ते मुद्दलासकट जळते. घोडे अडते ते आच्छादनापाशी. जमीन झाकली की ओल टिकते, कबूल. पण झाकायची कशाने?

"कडब्यानं," मी म्हणालो.

"पाव्हणं, कडबा मातीला घातला, तर बैलांम्होरं काय पासबुक टाकायचं?"

याचे उत्तर मला कुठल्या पुस्तिकेत सापडले नाही. मे महिन्यात विहीर दोन तासांत तळ दाखवते आणि एकाच पेंढीवर झाड आणि जनावर दोघेही हक्क सांगतात. शेवटी मामांनी बांधावर गिरिपुष्प लावले. छाटायचे आणि पाला झाडांच्या बुडाशी पसरायचा. वर नत्र मिळते ते वेगळेच. मुख्य म्हणजे मामांचे बैल त्याला तोंड लावत नाहीत. इतर कुणाचा बोजा नसलेले इतके स्वच्छ तारण मी नोकरीत क्वचितच पाहिले.

यंदा पाला चार ओळींनाच पुरला. उरलेल्या ओळींकडे बराच वेळ बघून मामांनी विचारले, "पाव्हणं, तुमच्या बँकेत रद्दी किती निघते?"