नाराच्या एका घरातले आमचे दिवस

शिक्षणासाठी परदेशी जाणे ही आता आपल्या समाजात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. परंतु परक्या देशातल्या एखाद्या कुटुंबात, त्यांच्यापैकीच एक होऊन राहण्याचा अनुभव अजून थोड्यांच्याच वाट्याला येतो. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेतून आम्ही दोघी मैत्रिणी जपानच्या नारा प्रांतात एक सत्र राहिलो. वसतिगृहाऐवजी आमची सोय एका कुटुंबात केली होती. घरात आई, वडील, शाळेत जाणारा मुलगा आणि आजी. पहिल्याच दिवशी आईने सांगितले, "मला ओकासान म्हणा." ओकासान म्हणजे आई.

त्या घरातल्या पुष्कळ गोष्टी आपल्या घरासारख्या. चपला-बूट दाराशीच काढायचे, पण काढून झाल्यावर त्यांची तोंडे दाराकडे वळवून ठेवायची. रोज भात. जेवणाआधी हात जोडून सर्वांनी एक शब्द म्हणायचा, "इतादाकिमास". हे अन्न आम्ही नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा भाव. जेवण झाले की भांडी घासायची पाळी आमचीही. कचरा तर असा निवडून ठेवावा लागे की कोणता कोणत्या वारी बाहेर काढायचा याचा कागदच भिंतीवर लावलेला होता.

सर्वांत जास्त लक्षात राहिली ती आंघोळ. जपानी घरात गरम पाण्याचा खोल टब असतो. आधी बाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे, मग शेकण्यासाठी टबात उतरायचे. टबातले पाणी प्रत्येकासाठी बदलत नाहीत. घरातली सगळी माणसे पाळीपाळीने त्याच पाण्यात उतरतात आणि पहिला मान पाहुण्याचा असतो. आम्ही दोघी आधी, मग वडील, मग आजी. आमच्यानंतर त्याच पाण्यात ती म्हातारी माणसे समाधानाने बसत. ज्यांच्या आजा-पणजांना चवदार तळ्याची ओंजळ पिण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या आम्हाला हे पाहून काय वाटले असेल, ते वाचकांनीच जाणावे.

बाहेरच्या खोलीत लाकडी कपाटासारखा लहान देव्हारा होता. त्याला बुत्सुदान म्हणतात. आत अमिदा बुद्धाची प्रतिमा आणि आजोबांचा फोटो. सकाळी शिजलेल्या भातातला पहिला घास आजी तिथे ठेवी, छोटी घंटा वाजवी आणि हात जोडी. आम्हीही तिच्याशेजारी बसून त्रिसरण-पंचशील म्हणू लागलो. पाली शब्द आजीला कळत नसत, पण "बुद्धं" ऐकले की ती मान डोलवी.

एकदा ओकासानने विचारले, "भारतातून तर बौद्ध धर्म नाहीसा झाला ना? मग तुम्ही बौद्ध कशा?" आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी सांगितली, लाखो माणसांनी एका दिवशी घेतलेली दीक्षा सांगितली. नागपूरचे भदन्त सुरई ससाई मूळचे जपानचेच, हे ऐकून त्यांना मोठे नवल वाटले. पुढच्या रविवारी सगळे आम्हाला तोदाईजी विहारात घेऊन गेले. तिथली बुद्धमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे. इ. स. ७५२ मध्ये तिचे नेत्र उघडण्याचा विधी झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूच्या हस्ते. तेव्हा ओतोसान म्हणजे वडील हसून म्हणाले, "म्हणजे तुमची माणसे आमच्याकडे आधीच येऊन गेलेली आहेत!"

परंतु सगळेच गोड लिहिले तर ते खरे होणार नाही. नारा प्रांतातच गोसे नावाचे गाव आहे. तिथे 'सुइहेइशा' या चळवळीचे संग्रहालय आहे. तिकडे जायचे आहे असे म्हणताच आजी गप्प झाली. कारण जपानमध्येही अस्पृश्यता होती. मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे लोक गावाबाहेरच्या वस्त्यांत ठेवले जात. त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ मध्ये सरकारने हा भेद कायद्याने रद्द केला, पण लोकांच्या मनातून तो गेला नाही. तेव्हा ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या लोकांनी सुइहेइशा, म्हणजे सर्वांना एका पातळीवर आणणारी संघटना, स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे गोसेच्याच एका बौद्ध मंदिरातल्या घराण्यातले. काळ्या झेंड्यावर लाल काटेरी मुकुट, हे तिचे निशाण.

ओतोसानांनी आम्हाला स्वतः तिथे नेले. तिथून परतल्यावर आम्ही या विषयावर जेवढे मिळेल तेवढे वाचले. या लोकांच्या मृतांना काही बौद्ध मंदिरांनी जी मरणोत्तर नावे दिली, त्यांत जनावर, कातडे अशा अर्थाची अक्षरे घातलेली होती. १९७९ साली एका जागतिक धर्मपरिषदेत एका जपानी बौद्ध पंथाच्या प्रमुखांनी आपल्या देशात असा भेदभावच नाही, असे सांगितले. पुढे त्या पंथाला ते शब्द मागे घ्यावे लागले. १९७५ मध्ये उघडकीस आले की बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्यांना चोरून विकल्या जात होत्या. आपल्याकडे आडनावावरून ओळखतात, तिथे पत्त्यावरून. हा भेदभाव दूर करण्यासाठी २०१६ साली जपानला पुन्हा कायदा करावा लागला.

त्या रात्री आजीच आमच्याजवळ येऊन बसली. तिच्या तरुणपणी लग्नाआधी मुलाच्या मूळ गावाची गुपचूप चौकशी करीत, असे तिने हळू आवाजात सांगितले. मग म्हणाली, "बुद्धाने असे सांगितले नव्हते." दुसऱ्या दिवशी आमच्याकडचा बाबासाहेबांचा फोटो तिने मागून घेतला आणि बुत्सुदानाजवळ ठेवला.

बंधू-भगिनींनो, यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. घरात बुद्धमूर्ती असली म्हणून माणसाच्या मनातली उतरंड आपोआप मोडत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी धम्म देताना बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि समतेला त्यांत स्थान दिले. परदेशी शिकून १९१७ साली बडोद्यास आलेल्या त्या विद्वानाला राहायला खोली मिळाली नाही, पारशी पथिकाश्रमातून बाहेर पडावे लागले. आज त्यांची लेकरे परक्या देशात पाहुणी म्हणून पहिल्या मानाने राहतात, ती त्यांच्याच पुण्याईने.

आपल्या मुला-मुलींना अशी संधी आली तर आई-वडिलांनी भिऊ नये. परदेशातील उच्च पदव्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, केंद्राची शिष्यवृत्ती आहे, जपान सरकारचीही आहे. त्यांची माहिती महाविद्यालयात वेळेवर विचारावी आणि पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. जाताना मुलीच्या पेटीत चटणी-मसाल्याबरोबर बाबासाहेबांचे एखादे पुस्तकही ठेवावे. तिथे कोणी विचारले "तुम्ही कोण?" तर मान वर करून उत्तर देता आले पाहिजे.

जय भीम!