नालाकृती कमान

आज सायंकाळी, चाकणच्या कारखान्यांतील दुसरी पाळी सुरू होऊन रस्ता निवळल्यावर, ट्रायल्स सायकलच्या मागील ब्रेकला बूस्टरची नालाकृती कमान जोडावी की नाही, या महिनाभर तहकूब ठेवलेल्या प्रश्नाचा मी निकाल लावला. मॅगुरा एचएस ३३ सारखा तेलदाबाचा ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी आवळतो, तेव्हा त्याच बलाची प्रतिक्रिया चौकटीच्या मागील नळ्यांना बाहेर फाकवते आणि बोटांचा जोर पकडीऐवजी त्या फाकण्यातच खर्ची पडतो. खातरजमेसाठी लिव्हर दाबून नळ्यांमधील अंतर व्हर्नियरने मोजले: तब्बल २ मिलिमीटर वाढ! मागील चाकावर, दगडाच्या कडेशी तोल सावरताना एवढी ढिलाई कशी चालावी? भक्कम चौकटीला हे फाकणे रोखणारी कमान म्हणजे निव्वळ ओझे. माझ्या सडपातळ चौकटीला मात्र ती हवीच. उद्या ॲल्युमिनियमची जाड पट्टी कापावयास देईन.