धीर कशावर धरायचा?

चि. ओंकार यास,


तुझं पत्र पोचलं. बिटकॉइन आणि त्याच्या जोडीला आणखी चार-पाच नाणी तू घेतलीस, भाव उतरले, आणि आता मित्र म्हणतात की काही विकू नकोस, धरून बस, दहा वर्षांनी हसशील. हे कितपत खरं, असं तू विचारलंस. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. धरून बसण्याने पैसा वाढत नाही. वाढणारी वस्तू असेल तर ती घाबरून हातातून सुटू न देणं, एवढंच काम धीर करतो. वस्तूच फुसकी निघाली तर तोच धीर माणसाला शेवटच्या रुपयापर्यंत बुडवतो. तेव्हा किती धीर धरू याच्या आधी कशावर धरू हे विचारायला हवं, आणि तुझ्या मित्रांनी ते विचारलेलं दिसत नाही.

त्यांच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. 2013 च्या नोव्हेंबरात बिटकॉइन 1,100 डॉलरच्या वर गेला होता. 2015 च्या जानेवारीत तो 200 च्या आसपास लोळत होता. 2017 च्या डिसेंबरात जवळपास 20,000, आणि वर्षभरात 3,200 च्या आगेमागे. 2021 च्या नोव्हेंबरात 69,000, पुढच्या नोव्हेंबरात 16,000 च्या घरात. तिन्ही वेळा ऐन शिखरावर घेणाऱ्याचाही पैसा परत आला, पण त्यासाठी साधारण सव्वादोन ते सव्वातीन वर्षं वाट पाहावी लागली आणि मधल्या काळात लाखाचे वीस हजार झालेले बघावे लागले. वीस हजारांचे पुन्हा लाख व्हायला पाचपट वाढ लागते. ती येईलच असं त्या दिवशी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. आज आपण आलेख मागून बघतो म्हणून सगळं सोपं दिसतं.

यातलं सगळ्यात विचित्र उदाहरण टोकियोच्या माउंट गॉक्सचं. नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा हा बाजार 2014 च्या फेब्रुवारीत बसला. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब झाले होते. त्यातले दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. घेणेकऱ्यांना नाणी परत मिळू लागली ती 2024 च्या जुलैत, दहा वर्षांनी. मिळाला तो मूळ नाण्यांचा लहानसा हिस्सा, पण 2014 साली पाच-सहाशे डॉलरला असलेलं नाणं तोवर साठ हजारांच्या आसपास पोचलं होतं. बहुतेक नाणी गमावूनही डॉलरच्या हिशेबात ही माणसं कित्येक पटींनी पुढे गेली. कारण उघड आहे, त्यांना विकताच येत नव्हतं! हात मोकळे असते तर भाव दुप्पट झाल्याबरोबर त्यातल्या बहुतेकांनी विकून टाकलं असतं, असं मला वाटतं. धीर म्हणून जे मिरवलं जातं त्यातला बराचसा भाग नाइलाजाचा असतो, हे तुझ्या मित्रांच्या लक्षात आणून दे.

पण बिटकॉइनचा दाखला आपण देतो तो मुळात तो उरला म्हणून. 2013-14 साली त्याच्या मागोमाग नेमकॉइन आणि पीअरकॉइन यांची नावं घेतली जात. आज ती शोधावी लागतात. टेराचं लुना हे नाणं 2022 च्या एप्रिलमध्ये शंभर डॉलरच्या वर होतं, आणि मेच्या मध्यापर्यंत त्याची किंमत जवळजवळ शून्यावर आली. त्याची घडणच तशी होती. जोडीचं यूएसटी हे नाणं एका डॉलरवर राखण्यासाठी नवी लुना नाणी काढली जायची. लोक यूएसटीतून पळू लागले तशी लुना अब्जावधींच्या संख्येने निघत गेली आणि त्या पुरात स्वतःच वाहून गेली. ज्यांनी ऐंशीला घेतलं, चाळीसला आणखी घेतलं, पाचला पुन्हा घेतलं, त्यांच्यापाशी धीर काही कमी नव्हता. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा. पडलेला भाव म्हणजे स्वस्ताई की अखेरची घरघर, हे आलेख सांगत नाही. नाणं कोण काढतं, किती काढू शकतं, आणि ते नियम फिरवण्याची ताकद कुणाच्या हाती आहे, यावरून थोडंफार कळतं.

या कसोटीवर बिटकॉइन वेगळा ठरतो. 2 कोटी 10 लाखांपलीकडे नाणी निघायची नाहीत, नव्या नाण्यांचा ओघ साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो (2012, 2016, 2020 आणि 2024 साली झाला), आणि हे कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. तरीही मित्रांना एक गोष्ट मान्य करावी लागेल. शेअर धरून ठेवला तर मधल्या काळात कंपनी धंदा करते, लाभांश देते. मुदत ठेवीवर व्याज चढतं. बिटकॉइन काहीच कमवत नाही. तुझ्या थांबण्याचा मोबदला पुढच्या गिऱ्हाइकाने जास्त दिला तरच मिळणार, आणि नाणी मोजकी आहेत म्हणून गिऱ्हाईक येईलच असं नाही. 'दर वेळी वर आलाय' म्हणशील, तर तीन-चार खेपांवरून नियम बांधता येत नाही. खरोखर धंदा करणाऱ्या कंपन्यांचा जपानी निक्केई निर्देशांक 1989 च्या अखेरीस जिथे होता, तिथे परत यायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं! त्या काळात पन्नाशीतला माणूस चौऱ्याऐंशीचा होतो.

मग सतत घेत-विकत राहिलेलं काय वाईट, असं तुझ्या मनात येईल. आपल्याकडच्या करामुळे ते फार वाईट पडतं. एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के, वर उपकर; एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षावर ढकलताही येत नाही; शिवाय त्याच वर्षीच्या जुलैपासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस. चार सौदे जिंकलास आणि चार हरलास, तर जिंकलेल्या चारांवर कर भरशीलच. शेअर वर्षभर ठेवला की कराचा दर उतरतो, इथे दहा वर्षं ठेवलास तरी तेच 30 टक्के. म्हणजे सरकारने थांबणाऱ्याला बक्षीस काही ठेवलेलं नाही, उतावळ्याला मात्र प्रत्येक फेरीत दंड आहे. थांबण्याच्या बाजूने माझ्या मते हा सगळ्यात व्यवहारी मुद्दा, आणि त्याचा बिटकॉइनच्या भवितव्याशी काडीचाही संबंध नाही.

नाणं योग्य, धीरही योग्य, पण ठेवलं भलत्याच्या हाती, असंही होतं. पुण्यात गुन्हा दाखल झालेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात लोकांनी आपले बिटकॉइन दरमहा 10 टक्क्यांच्या आश्वासनावर 18 महिन्यांसाठी देऊन टाकले. बिटकॉइन वर जाईल हा त्यांचा अंदाज अगदी बरोबर ठरला. पण तेलही गेलं, तूपही गेलं. 2024 च्या जुलैत वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि खातेदारांचं पैसे काढणं थांबलं.

तुझ्यापुरतं सांगायचं तर, जी लहान नाणी कोण काढतं आणि कशासाठी हे तुला चार वाक्यांत सांगता येत नाही, ती तोट्यात असली तरी वीक. बिटकॉइन ठेव, पण तेवढाच की जो उद्या शून्य झाला तरी घराचा हप्ता अडणार नाही. एवढ्याशाने काय होणार, हा तुझा प्रश्न मला ऐकू येतोय. तू म्हणतोस तसा तो खरंच दहापट होणार असेल तर एवढंसंही पुष्कळ होईल. होणार नसेल तर थोडक्यात सुटशील. कर्ज काढून घेतलेल्याचा धीर सावकाराच्या तारखेवर संपतो, आणि ती तारीख नेमकी भाव तळाला असताना येते.

नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवणार असशील तर त्याची बारा किंवा चोवीस शब्दांची किल्ली कागदावर नीट उतरवून ठेव. स्टेफन थॉमस या प्रोग्रामरचे 7,002 बिटकॉइन परवलीचा शब्द हरवल्यामुळे एका ड्राइव्हमध्ये अडकले. तो शब्द टाकून बघायला मिळणाऱ्या दहा प्रयत्नांपैकी आठ वाया गेले होते. बँकेत वारसाचं नाव लावता येतं, इथे दाद मागायला खिडकीच नाही. तू दहा वर्षांची भाषा करतोयस. तो कागद कुठे असेल हे दादाला किंवा तुझ्या आईला सांगून ठेवलं आहेस का, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
आत्या