सूनबाईचा काळा ऑरा



मागच्या महिन्यात सूनबाई एकटीच संभाजीनगरला जाऊन आली. आष्टीहून परतूर, पुढे रेल्वे. परतली ती थेट खोलीत. दिवस मावळायच्या आत जेवून घे म्हणायला गेले, तर हातात एक रंगीत फोटो. "आई, त्या बाई म्हणाल्या, माझा ऑरा काळा आहे. म्हणून बाळ टिकलं नाही. आपल्यातही कृष्ण लेश्या असतेच ना?"

फेब्रुवारीत तिचं चौथ्या महिन्यात गेलं होतं.

हे ऑराचं खूळ आलं कुठून, ते मी नंतर वाचलं. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ साली मुंबईला आले, थिऑसॉफिकल सोसायटीचं काम गिरगावातून चालवू लागले. १८८२ च्या शेवटी अड्यारला गेले. आपल्याकडचं कर्म, पुनर्जन्म, चक्रं त्यांनी घेतली आणि त्यात आपलं मिसळलं. त्याच सोसायटीच्या लेडबीटरनं १९०२ मध्ये माणसाभोवतीच्या रंगांचं सचित्र पुस्तक काढलं, १९२७ मध्ये चक्रांचं. षट्चक्रनिरूपणात मणिपूर पावसाळी ढगासारखं सावळं आहे. हल्ली शिबिरात ते पिवळं दाखवतात. साडी डाईंगला द्यावी आणि भलत्याच रंगात परत यावी, तसं झालं.

देवघेव वाईट असं मी म्हणत नाही. आपले वीरचंद राघवजी गांधी १८९३ ला शिकागोला गेलेच की, आणि हर्बर्ट वॉरनसारखा इंग्रज त्यांच्यामुळे जैन झाला. पण तिथे फोटो काढून कुणाला दोषी ठरवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. जांभळाचं झाड तेवढं ठाऊक होतं. सहा भुकेले वाटसरू. एक मुळापासून तोडू म्हणतो, दुसरा खोड, तिसरा फांदी, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळं, सहावा खाली पडलेलीच वेचतो. लेश्या म्हणजे कषायांनी रंगलेला भाव. तो घडीघडीला पालटतो. कॅमेऱ्यात कसा सापडणार? शोक हाही नोकषायच, हे खरं. पण शोक करणाऱ्या आईच्या हातात कुऱ्हाड नसते.

कुऱ्हाड माझ्या हातात होती. फेब्रुवारीत शेजारी बोलले होते, "हिनंच हंडे उचलले." तिनं ते ऐकलं होतं. मी हात जोडून तिची क्षमा मागितली.

ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आई, दिवस मावळला की."

मग आम्ही दोघी तशाच निजलो.